कॅडेट पायलटची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या एअरपोर्टवरून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून "पायलट व्हायचंय, काय करू" अशी पत्रं ठाणे, ऐरोली, पनवेल सगळीकडून येतायत. यावेळी फक्त कॅडेट प्रोग्रॅमच्या (एअरलाइन नवीन मुलं निवडून त्यांना पायलट म्हणून तयार करून घेते तो) टेस्टबद्दलचीच घेतलीयत.

प्रश्न: मॅडम, मी ऐरोलीला राहतो, बीएस्सी सेकंड इयरला आहे, बारावीला फिजिक्स मॅथ्स होतं. एका एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅमला फॉर्म भरला होता, तीन आठवड्यांनी अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला बोलावलंय. एक मित्र म्हणतो याचा अभ्यासच नसतो, ते अंगातच असावं लागतं, दुसरा म्हणतो प्रश्नांची बँक पाठ कर. जॉयस्टिक पण घ्यावी का?

उत्तर: दोघांचंही ऐकू नको. पाठ करून काही होणार नाही कारण आकडे आणि चित्रं दरवेळी बदलतात, आणि अंगातच असावं लागतं हेही खरं नाही, कारण पहिल्यांदा स्क्रीन बघणारा आणि चार वेळा तसलं काही करून आलेला यांच्यात फरक पडतोच, मी ग्राउंड क्लासमध्ये शिकवते आणि मुलांच्या बाबतीत हे नेहमी बघते. आधी बोलावण्याचा ईमेल नीट वाच, त्यात टेस्टचं नाव असतं का बघ. पायलॅप्ट, कंपास, अ‍ॅडॅप्ट, कट-ई अशी वेगवेगळी सिस्टिम असते पण आतलं सामान बरंचसं सारखंच: हाताने काहीतरी कंट्रोल करणं, तोंडी गणित, आकडे लक्षात ठेवणं, दिशा ओळखणं, आणि हे दोन-तीन एकदम करणं.

शेवटचं जे एकदम करणं आहे ना, तिथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात, आणि हुशार मुलं जास्त. म्हणजे बघ, एका बाजूला एक ठिपका मध्यावर धरून ठेवायचा असतो, तो सतत सरकतो, त्याच वेळी कोपऱ्यात गणित येतं आणि कानात काहीतरी आकडे ऐकू येतात. ज्याचं गणित चांगलं तो गणिताला चिकटतो, पूर्ण सोडवूनच वर बघतो, तोपर्यंत ठिपका कधीच बाहेर गेलेला असतो. मग घाबरून ठिपक्यामागे लागतो आणि कानातले आकडे जातात. तुला हेच शिकायचंय, की सुटलेलं सोडून द्यायचं. एक गणित गेलं तर गेलं, डोकं पुढच्याकडे. नजर एका जागी एक-दोन सेकंदांच्या वर थांबू द्यायची नाही, ठिपका, गणित, परत ठिपका.

हे उगीच छळायला ठेवलेलं नाही. १९७२ च्या डिसेंबरमध्ये ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट ४०१ मायामीजवळ पडली, शंभरच्या आसपास माणसं गेली. नोज व्हीलचा एक इंडिकेटर दिवा लागत नव्हता आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले, मधल्या काळात ऑटोपायलटचं उंची धरणं सुटलं आणि विमान हळूहळू खाली येतंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. पायलटांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की आधी विमान उडव, मग कुठे जायचं ते बघ, मग रेडिओवर बोल. टेस्टमध्ये पण हाच क्रम लाव, हाताचं काम पहिलं.

घरी प्रॅक्टिस कशी करशील तर मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर कुठलाही ट्रॅकिंगचा गेम लाव आणि बहिणीला नाहीतर आईला समोर बसवून सतराचे एकोणीसचे पाढे मधूनमधून विचारायला सांग, उत्तर द्यायचं पण हात थांबवायचा नाही. रोज अर्धा तास पुरे, चार तास बसून डोकं बधिर होतं, फायदा काही नाही.

जॉयस्टिक घे म्हणजे बरं, लॅमिंग्टन रोडला साधी यूएसबीची मिळते, महागडी नको, मित्राची मिळाली तर उत्तमच. दोन गोष्टींसाठी. एक, पुढे ढकलली की नाक खाली, मागे ओढली की नाक वर, हे हाताला माहीत हवं, गेम खेळणाऱ्या मुलांनी बऱ्याचदा सेटिंग उलटं ठेवलेलं असतं आणि टेस्टमध्ये पहिली दोन मिनिटं त्यातच जातात. दुसरं, मूठ आवळून धरायची नाही, तीन बोटांनी हलकी धरायची आणि छोटं छोटं करेक्शन द्यायचं. मोठा झटका दिला की ठिपका पलीकडे जातो, मग परत उलटा झटका, असं झोके घेत बसतो.

दिशांचं म्हणशील तर तुला तर घरबसल्या प्रॅक्टिस आहे. ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये बस, डाव्या हाताला पारसिकचे डोंगर आणि उजवीकडे खाडी म्हणजे तोंड साधारण दक्षिणेला, हेडिंग (तोंड कुठल्या दिशेला ते उत्तरेपासून अंशांत) १८०. परत येताना ३६०. पाम बीच रोडने वाशीहून बेलापूरकडे जाताना साधारण कुठलं हेडिंग असेल ते आधी मनात ठरव आणि मग मोबाईलच्या होकायंत्रात बघ. उलटं हेडिंग काढायची सोपी ट्रिक: १८० पेक्षा कमी असेल तर २०० मिळवून २० वजा कर, जास्त असेल तर २०० वजा करून २० मिळव. ०७० चं २५०, २३५ चं ०५५. कागद लागत नाही.

आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे कॉकपिटमधलं विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, आधी बघून ठेव, निळं वर म्हणजे आकाश, खाली तपकिरी म्हणजे जमीन. त्यात विमानाचं चिन्ह हलत नाही, क्षितिज हलतं. डावीकडे वळलास तर क्षितिजाची रेघ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कलते. नवीन मुलं हमखास हे उलटं वाचतात, म्हणून सिम्युलेटरच्या एखाद्या फ्री अ‍ॅपवर तासभर नुसतं बघत बस.

गणितात वेग, अंतर, वेळ आणि टक्केवारी. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, आणि पुढे मैल म्हटलं की हेच मैल. १२० नॉट म्हणजे मिनिटाला २ नॉटिकल मैल, १५० म्हणजे अडीच, १८० म्हणजे ३, एवढं डोक्यात बसलं की १५० नॉटने ३५ मैल जायला १४ मिनिटं हे लगेच येतं. कोपरखैरणे-घणसोलीच्या पट्ट्यावरून मुंबईच्या रनवे २७ ला उतरायला जाणारी विमानं बघतोसच, तीन डिग्रीच्या उताराला मैलामागे साधारण ३०० फूट धरायचे, म्हणजे रनवेपासून ७ मैलांवर विमान २१०० फुटांच्या आसपास पाहिजे. असं विमान दिसलं की मनात हिशोब कर, कंटाळा येत नाही आणि नंतर ट्रेनिंगमध्ये पण हेच लागतं. आकडे लक्षात ठेवायला ठाणे-बेलापूर रोडला बसमध्ये बसलास की पुढच्या गाडीची नंबर प्लेट बघायची, नजर काढायची, चार आकडे उलटे म्हणायचे. नुसते सरळ म्हणू नको, उलटे.

आणि एक, बऱ्याच टेस्ट तुला जमेल तसतशा अवघड होत जातात, त्यामुळे शेवटी सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटलं तरी टेस्ट खराब गेली असं नसतं. हात सोडून बसू नको. आदल्या रात्री नऊ नंतर काहीही उघडायचं नाही, झोप. स्वभावाचे प्रश्न असतील तिथे खरं लिही, "मला कधीच राग येत नाही" असली उत्तरं देऊ नको, एकच गोष्ट वेगवेगळ्या पद्धतीने परत विचारतात आणि बनवाबनवी पकडली जाते.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी कळव्याहून लिहितेय. मुलगा बारावी झालाय, चष्मा आहे. एका क्लासवाल्यांनी टेस्टमध्ये हमखास सिलेक्शनची गॅरंटी दिलीय आणि बरीच मोठी रक्कम आगाऊ मागितलीय, म्हणतात उद्यापर्यंतच ऑफर आहे. मुलाचे बाबा एफडी मोडायला तयार झालेत. मला भीती वाटतेय.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. सिलेक्शनची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, टेस्ट घेणारे वेगळे, मुलाखत घेणारे वेगळे, क्लासचा त्यात काही हात नसतो. आणि उद्यापर्यंत पैसे भरा म्हणणाऱ्याला तर मी दारातही उभं करणार नाही. सराव करून घेणारे चांगले लोक आहेत, ते थोड्या पैशात करतात आणि गॅरंटीचं बोलत नाहीत.

तुम्ही आधी मेडिकल करून घ्या, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) पॅनेलवरच्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल, त्यात डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी सगळं येतं, त्यानंतर डीजीसीएचा फाइल नंबर मिळतो आणि मग क्लास १ करता येतं. कमर्शिअल लायसन्सला क्लास १ लागतंच. चष्म्याचं टेन्शन घेऊ नका, चष्मा लावून नजर नीट होत असेल तर चालतं. रंग ओळखण्यात अडचण आहे का हे मात्र आधी बघून घ्या, ठिपक्यांमधला आकडा वाचायची इशिहाराची टेस्ट असते, ठाण्यात कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे होऊन जाते. पूर्ण कॅडेट प्रोग्रॅमचा खर्च कोटीच्या घरात जातो हो, मुलाला मेडिकलमध्ये अडचण आहे हे लाखो रुपये भरल्यावर कळणं यासारखं वाईट काही नाही, अशी घरं मी पाहिलीयत आणि ते बघवत नाही.

प्रश्न: पनवेलचा आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मॅथ्स चांगलं आहे पण टेस्टचं इंग्रजी आणि नंतरचं ग्रुपमधलं बोलणं याची धास्ती आहे. आमच्यासारख्यांना घेतात का?

उत्तर: घेतात रे. पायलटला इंग्रजीची आयकाओची (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना) लेव्हल ४ लागते, ती सहा लेव्हलमधली चौथी, म्हणजे कामापुरतं स्पष्ट बोलता आणि समजता आलं पाहिजे, उच्चार साहेबासारखे हवेत असं कुठेही नाही. टेस्टमध्ये तुझा वेळ सूचना वाचण्यात जाईल, म्हणून हेडिंग, बेअरिंग, पिच, बँक, क्लाइंब, डिसेंट हे शब्द आणि सूचनांमधलं इंग्रजी आधीच ओळखीचं करून ठेव. सूचनांचं पान घाईत पुढे ढकलू नको, बहुतेक ठिकाणी तिथे सरावाचे प्रश्न असतात, ते करूनच पुढे जा.

ग्रुपमध्ये काय बघतात तर तू दुसऱ्याचं ऐकतोस का. कोणी गप्प बसलं असेल त्याला विचार, दुसऱ्याचा मुद्दा पटला तर पटला म्हण, घड्याळाकडे लक्ष ठेव. जोरजोरात बोलून दुसऱ्याला दाबणारा कॉकपिटमध्ये शेजारी कोणालाच नको असतो. छोटी वाक्यं बोल, चुकलं तर थांबून परत बोल. रोज दहा मिनिटं इंग्रजीत मोठ्याने बोलायचं, विषय कुठलाही, आज पनवेल स्टेशनवर काय बघितलंस ते सांग, पण मोठ्याने. मनात बोललेलं धरायचं नाही.

प्रश्न: घणसोली. एका प्रोग्रॅमच्या टेस्टमध्ये गेल्या वर्षी बाहेर पडले. घरी म्हणतात आता नाद सोड. परत देता येते का? एअर फोर्सचा पण विचार आहे.

उत्तर: बऱ्याच एअरलाइन ठराविक महिन्यांनी परत बसू देतात, नियम प्रत्येकाचा वेगळा, त्यांच्या साइटवर वाचून घे. रिपोर्ट मिळाला असेल तर कुठल्या भागात कमी पडलीस ते बघ आणि तेवढंच धर. एक टेस्ट गेली म्हणून पायलट होता येत नाही असं अजिबात नाही, कॅडेट प्रोग्रॅमशिवाय पण रस्ता आहे, फ्लाइंग स्कूलला जाऊन २०० तासांचं फ्लाइंग आणि डीजीसीएचे पेपर करून सीपीएल, म्हणजे कमर्शिअल पायलट लायसन्स, होतं, गोंदियाला आणि बारामतीला आपल्याकडेच ट्रेनिंग चालतं. अमेठीजवळच्या फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी फ्लाइंग अकादमी आहे, तिथे लेखी परीक्षा, मुलाखत आणि अ‍ॅप्टिट्यूडची वेगळी टेस्ट असते. घरच्यांना हे सगळं कागदावर मांडून दाखव, नाद म्हणतात कारण त्यांना पुढचा रस्ता दिसत नाहीये.

एअर फोर्सचं मात्र वेगळं आहे बाई. तिथल्या फ्लाइंग ब्रँचला कॉम्प्युटरवरची पायलट सिलेक्शन टेस्ट असते, सीपीएसएस म्हणतात, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालीस तर परत संधी नाही. म्हणून आत्ता लगेच त्याचा फॉर्म भरू नको, आधी जॉयस्टिक आणि होरायझनवर हात बसू दे, एअरलाइनची टेस्ट परत दे, आणि वयाची अट बघून मग डेहराडून किंवा म्हैसूरच्या एअर फोर्सच्या निवड बोर्डाला जायचं ठरव.