पावसाळा, रमी आणि प्लास्टिकचे पत्ते

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे रमीचे डाव रंगतात, पण दमट हवेने कागदी पत्ते महिन्याभरात चिकटतात. प्लास्टिकचा महागडा कॅट घ्यावा का?

उत्तर : अवश्य घ्यावा, मात्र खोक्यावर ‘प्लास्टिक कोटेड’ असे लिहिले असेल, तर आत कागदच असतो, हे आधी पाहावे. ब्राझीलच्या कोपॅग कंपनीचे संपूर्ण पीव्हीसी प्लास्टिकचे नवे पत्ते इतके गुळगुळीत असतात की पिसताना हातातून निसटतात, तर अमेरिकेच्या केम या ब्रँडचे सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे पत्ते किंचित मऊ, कागदाच्या जवळ जाणारे वाटतात, आणि मला तेच अधिक आवडतात. चहा सांडला, तरी ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले की पुरते. दुमडलेल्या कोपऱ्याची खूण मात्र जात नाही. तो पत्ता पाठीमागूनही ओळखू येतो आणि कॅट बाद होतो.