मशीनसाठी कर्ज, आणि गोधडीचा पैसा पॉलिसीत

वाचक ताईंचे पत्र थोडक्यात: «लालबागला चाळीत राहते, वय 46. नऊ वर्षे घरी हाताने गोधड्या शिवते. गिऱ्हाइके आईच्या, आजीच्या साड्या आणून देतात. महिन्याला तीन होतात, एकीचे ₹2,500 घेते, बारशाच्या दुपट्याचे ₹1,200. सामान मिळून गोधडीला ₹400 आणि पन्नास तास जातात. बारा ऑर्डर थांबल्यात. क्विल्टिंगचे मशीन ₹1,20,000 ला मिळते आहे, त्यावर महिन्याला पंधरा होतील. पाटल्या गहाण ठेवून घेऊ का? बांगड्या गेल्या वर्षीच ₹60,000 ला, 12 टक्क्यांनी ठेवल्यात, पॉलिसीचा हप्ता भरायचा होता. ती बँकेतून घेतली आहे. वर्षाला ₹60,000, दहा वर्षे भरायचे, पंधराव्या वर्षी साधारण दहा लाख. तीन हप्ते भरून झालेत. एफडीसारखीच असते ना?»

ताई, नाही. ती एफडी नाही, आणि तुमच्या पत्रातली खरी अडचण मशीन नसून ही पॉलिसी आहे.

तुमची कमाई बघा. गोधडीमागे ₹2,100 उरतात, तीन गोधड्यांचे ₹6,300, वर्षाचे साधारण ₹75,000. त्यातले ₹60,000 हप्त्यात जातात. म्हणजे दहा महिने टाके घालायचे ते पॉलिसीसाठी. मशीनला कर्ज लागते आहे कारण धंद्याचा पैसा धंद्यात राहतच नाही.

विकणाऱ्याने «सहा लाखांचे दहा लाख» असे सांगितले असणार. वर्षांचा हिशेब धरला तर हा परतावा पाच टक्क्यांच्या आसपास येतो. तेच हप्ते पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी खात्यात, आजच्या 7.1 टक्क्यांनी पंधराव्या वर्षी साडेबारा लाखांच्या घरात जातात. त्यात पाच टक्के मिळवण्यासाठी तुम्ही बारा टक्क्यांचे कर्ज काढले. घरातल्या दागिन्यांवर कमिशन कमावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तीन हप्ते भरून झालेत, चौथा भरू नका. विमा कंपनीकडे लेखी दोन आकडे मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर हातात किती, आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. समजा पेड-अपचे ₹1,80,000 बारा वर्षांनी मिळणार आहेत. सात टक्क्यांनी आजचे ₹80,000 तेवढ्याच काळात तेवढेच होतात. सरेंडरचा आकडा त्याच्या वर असेल तर दुसरा विचार न करता सरेंडर करा. तुमच्यावर बारा टक्क्यांचे कर्ज आहे, म्हणून मी तर ₹70,000 आले तरी सरेंडर करेन. त्यातून पहिल्यांदा बांगड्या सोडवा. «आणखी दोन वर्षे भरा, मग नुकसान होणार नाही» असे कोणी सांगेल. त्या दोन वर्षांत आणखी ₹1,20,000 जातील, नेमकी मशीनची किंमत.

आता मशीन. पाच बाय सात फुटांच्या गोधडीवर अर्ध्या इंचावर ओळ घेतली तर 120 ओळी, प्रत्येकी सात फूट. म्हणजे 840 फूट धावदोरा. पन्नास तास त्यातच जातात, आणि गिऱ्हाईक पैसे देते ते त्याच धावदोऱ्याचे. वापरून विरळ झालेल्या सुती साडीवर मशीनचा बारीक टाका घातला की सुईच्या भोकांच्या रेषेत कापड फाटते. मशीनच्या साध्या दाबपायाखाली खालचा थर कापड सरकवणारे दात ओढून नेतात, वरचा मागे राहतो, आणि शेवटच्या हातभर भागात चुण्या पडतात. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही सरकवणारा दाबपाय, लावला तर दोन्ही थर बरोबर सरकतात, पण पाच फुटांची गुंडाळी मशीनच्या बगलेतून नेण्याचा त्रास सुटत नाही. चाळीच्या खोलीत ते टेबल मांडणार कुठे, हेही मोजून बघा. तुकडे जोडायला आणि काठाची पट्टी लावायला घरातले साधे शिलाई मशीन पुरते.

आणि पंधरा गोधड्या घेणार कोण? थांबलेल्या बारा महिन्याभरात संपतील. त्यानंतरच्या महिन्यात पंधरा गिऱ्हाइके कुठून येतील, ते पत्रात नाही. कर्जाचा हप्ता मात्र येईलच.

चार महिन्यांची रांग लागते याचा अर्थ भाव कमी आहे. ₹2,100 भागिले पन्नास, तासाला ₹42 पडतात. दुपटे तीन बाय तीन फुटांचे, 72 ओळी, 216 फूट, म्हणजे तेरा तास. ₹150 सामान वजा करता तासाला ₹80. म्हणजे दुपट्याला दुप्पट मजुरी मिळते आणि तुम्ही वेळ घालवता गोधडीवर. गोधडीचा भाव ₹4,500 करा. महिन्याला दोनच झाल्या तरी ₹8,200 उरतात, आणि वाचलेल्या पन्नास तासांत दुपटी होतील. घेतलेल्या बारा ऑर्डर जुन्याच भावाने पुऱ्या करा, शब्द दिलेला आहे. नव्या ऑर्डरीला साडी कापण्याआधी निम्मे पैसे घ्या. एकाच्या आजीची साडी कापल्यावर गिऱ्हाईक फिरले तर ती गोधडी दुसरा कोणी घेत नाही. रेशमी किंवा सिंथेटिक साडी आतल्या थरात घालायचा हट्ट असेल तर ₹500 वर सांगा. ती सुती थरावर सरकते, कच्चे टाके दुप्पट घालावे लागतात.

घरच्यांसाठीच्या गोधड्यांचा हिशेब पत्रात नाही. मायेने द्या, पण वर्षाला किती ते वहीत लिहा. चार दिल्या तर दोनशे तास गेले.

पुढे अवजाराला पैसे लागलेच तर पाटल्यांआधी पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी आणि पडताळणी झाली की मूलभूत प्रशिक्षणाच्या सुरुवातीला अवजारांसाठी ₹15,000 पर्यंतचे ई-व्हाउचर मिळते, आणि ते प्रशिक्षण पुरे झाल्यावर पहिले कर्ज ₹1,00,000 पर्यंत 5 टक्क्यांनी. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, तेव्हा यजमानांनी अर्ज केलेला नाही ना ते विचारा.

पुढच्या हप्त्याची तारीख पत्रात नाही. ती आजच बघा, आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल तर बँकेत जाऊन ती सूचना लेखी रद्द करा. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून उठू नका.