जुनं लाकूड काळं नसतं

प्रश्न : मी १:४८ प्रमाणात लाकडी कोठाराची प्रतिकृती केली. जुनी दिसावी म्हणून, पूर्ण जोडून झाल्यावर, पाण्यात कालवलेला पातळ काळा ॲक्रिलिक रंग सगळीकडे फिरवला. ती जुनी वाटण्याऐवजी मळकी वाटते. शिवाय दोन फळ्या वाकल्या आणि सांध्यांपाशी पांढुरके डाग राहिले. कुठे चुकलं?

उत्तर : डाग गोंदाचे आहेत. गोंद लागलेलं लाकूड रंग पीत नाही, म्हणून फळ्या सुट्या असतानाच रंगवायच्या. वाकल्या त्या पाण्यानं. एका बाजूला ओल लागली की तेवढीच बाजू फुगते. मी अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन चमचे काळी इंडिया इंक घालतो, फळी दोन्ही बाजूंनी भिजवतो आणि वजनाखाली वाळवतो. खिडक्या उघड्या आणि ज्योत लांब, एवढं मात्र पाळाच.

मळकेपणाचं कारण वेगळं आहे. तुम्ही सगळीकडे एकच रंग दिलात, आणि ऊनपाऊस असा सारखा कधीच लागत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू सांधून ठेवणारा घटक, तुटतं, पावसानं ते धुऊन जातं आणि वर रुपेरी करडे तंतू उरतात. वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तिथे तपकिरी छटा टिकते. पागोळ्या पडून माती उडते, म्हणून तळाची वीतभर पट्टी सर्वांत काळपट. फळीचं कापलेलं टोक पाणी शोषून घेतं, त्यामुळे रंगाचे पोपडे तिथून आधी सुटतात.

एका जुन्या दारासमोर मी वही घेऊन बराच वेळ बसलो होतो. कडीभोवतीचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत, जवळजवळ तेलकट झालं होतं. बिजागरीखाली गंजाचा ओघळ, वर ठळक आणि खाली विरत गेलेला. दार घासून जमिनीवर उमटलेली अर्धगोल रेघसुद्धा होती! तेव्हापासून ब्रश उचलण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो : इथे पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं?

मापाचंही भान ठेवा. सहा मिलिमीटरचं खिळ्याचं डोकं १:४८ मध्ये मिलिमीटरचा आठवा भाग होतं. त्याची खूण करायला सुई नुसती टेकवायची. रेषे उठवायला तारेचा ब्रश फळीच्या लांबीतच ओढा, आडवा कधीच नको.

तुमचं कोठार मोडू नका. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं भिंतीचा वरचा, उघडा भाग हलकेच पुसा. ॲक्रिलिक बराचसा सुटेल. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट करडा रंग रेष्यांच्या माथ्यावरून ओढा. गोंदाच्या डागांवर आणि तळाशी मातकट पेस्टल खडूची पूड चोळा. वाकलेल्या दोन फळ्यांपैकी एक बदला. दुसरी राहू द्या. खालचा खिळा निघाला की खरी फळीही अशीच भिंत सोडते.