पोरगी कृष्णविवरं घेऊन बसली आहे

पत्र: आमचं गाव वसमतजवळ. मुलगी बारावी सायन्सला, गणित चांगलं आहे. औंढा नागनाथच्या 'लायगो'बद्दल (कृष्णविवरांसारख्या गोष्टी आदळल्या की अवकाशात उठणाऱ्या लहरी टिपणारं यंत्र) वाचल्यापासून कृष्णविवरांशिवाय दुसरं बोलत नाही. पाहुणे म्हणतात, लातूरला टाका, नीट करू द्या. यात पोट भरतं का? — एक शेतकरी वडील

उत्तर: दादा, नमस्कार. जिचा जीव गणितात आहे तिला पाहुण्यांसाठी नीटला बसवू नका. लातूरचा विषय इथंच संपला.

आता तिचं वेड. धुऱ्यावर उभं राहून तुम्ही वीज बघता, मग गडगडाट ऐकता आणि पाऊस किती लांब आहे ते सांगता. हेही तसंच आहे. तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गोळे, एकमेकांवर आदळले, त्याची खबर १७ ऑगस्ट २०१७ला इथं पोचली. आधी गुरुत्वीय लहरी (टकरीनं अवकाशातच उठलेले तरंग), १.७ सेकंदांनी गॅमा किरण, अकरा तासांच्या आत दुर्बिणीतून उजेड, दोन आठवड्यांनी रेडिओ लहरी. मला यातली व्हर्गोची गोष्ट फार आवडते. अमेरिकेतल्या लायगोंना लहर ऐकू आली, पण इटलीतल्या त्या यंत्राला जवळपास काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे घटना त्याच्या आंधळ्या कोपऱ्यात घडली होती, आणि तेवढ्यावरून आकाशातली जागा नेमकी करता आली. औंढ्याचं यंत्र याच कामाला लागणार आहे.

पण औंढ्याच्या नोकरीवर हिशेब मांडू नका. २,६०० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ची. काम व्हायला वेळ लागणार. पीएचडीपर्यंत तिचीही दहा वर्षं जातील. त्यात नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं. प्राध्यापकाच्या जागा थोड्याच, हे लपवत नाही. मात्र लेझर, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स, डेटा यांत हात बसलेल्याला बाहेरही काम मिळतं.

बारावीनंतर आयसरची (विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारी संस्थांची) परीक्षा द्या, तिथं पाच वर्षांचा बीएस-एमएस होतो. नाही लागली तर नांदेडला बीएस्सी फिजिक्स, मग जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा. तेही वाईट नाही.

प्रवेश पक्का करायच्या आधी एक करा. लायगोचा खरा डेटा इंटरनेटवर फुकट मिळतो. परीक्षा झाली की सुट्टीत तिला थोडं पायथॉन (कॉम्प्युटरची प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकून २०१५च्या पहिल्या लहरीचा आलेख स्वतः काढू द्या. आठ-दहा वेळा चुकेल. अकराव्या वेळी पुन्हा बसली, तर मला कळवा.