टायटल क्लिअर आहे, पण जमिनीचं काय?

प्रश्न: वय 59, पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती. एफडी 90 लाख. भांडुपला औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावरचा गाळा 80 लाखांना मिळतोय, शेजारचे एक कोटीला गेले. आधी प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवायचं) युनिट होतं, पाच वर्षं बंद आहे. हौद बुजवून वर टाइल्स घातल्यात. आवारात बोअर आहे, त्यामुळे पाण्याची चिंता नाही. सुनेला डब्यांचं स्वयंपाकघर काढायचंय, पुढे गाळा भाड्याने देऊ. एजंट महिना 50 हजार सांगतो. वकिलांनी टायटल क्लिअर दिलंय, दोन लाख टोकन दिलं. एफडी मोडू की 30 लाख कर्ज घेऊ? बँकेतले कर्जासोबत पाच लाखांचा एकरकमी युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र) घ्या म्हणतात.

उत्तर: कर्जाचं नंतर बघू. गाळा वीस लाखांनी स्वस्त का, हे तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही ते वाचलंत मात्र सवलत म्हणून.

प्लेटिंग म्हणजे क्रोमियम, निकेल, आम्लं, काही कामांत सायनाइड. वर्षानुवर्षं हौदातून झिरपलेलं आणि धुताना सांडलेलं पाणी कोब्याच्या भेगांतून जमिनीत मुरतं. टाइल्सखाली डाग झाकले जातात, क्रोमियम तिथेच राहतं. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक, आणि भूजलाबरोबर ते पुढे सरकतं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेलं पाणीही डोळ्यांना नितळच दिसू शकतं. त्याच आवारातल्या बोअरवर सूनबाई लोकांचे डबे करणार?

वकिलाचा सर्च जागा कोणाची होती ते सांगतो. तिथे काय चालायचं, हे त्याच्या कक्षेतच येत नाही. ते तुम्हाला शोधायचंय. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) आणि जुन्या करारांवरून आधीच्या मालकांची, भाडेकरूंची नावं काढा. विक्रेत्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आणि हौदातला रासायनिक गाळ कुठे पाठवला त्याच्या पावत्या मागा. ‘हरवल्या’ म्हणाला, तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज मंडळाकडे टाका; उत्तराची मुदत 30 दिवस. सोसायटीची जुनी एनओसी फाइल बघा. आणि समोरच्या चहावाल्याला, जुन्या वॉचमनला विचारा की हौद किती होते, पाणी कुठे सोडायचे. कागदावर नसलेलं बरंच काही त्यांना ठाऊक असतं.

मग बोअरचं पाणी आणि हौदाखालची माती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा. खर्च लाख-दीड लाख धरा. 80 लाखांच्या व्यवहारात तो जास्त वाटत असेल, तर व्यवहारच करू नका.

‘घाण त्याने केली, तोच निस्तरेल’ यावर विसंबू नका. राजस्थानातल्या बिच्छरी गावात रासायनिक कारखान्यांनी विहिरी नासवल्या. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यानेच द्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं. 2011 मध्येही त्याच वसुलीवर न्यायालयाला आदेश द्यावे लागत होते. तुमच्याकडे पंधरा वर्षं आहेत का?

आता हिशेब. वर्षाचं भाडं सहा लाख. मेंटेनन्स, मालमत्ता कर, रिकामे महिने वजा करा, उरले साडेचार. मुद्रांक शुल्क धरून गाळा 85 लाखांना पडतो. परतावा जेमतेम पाच टक्के, कर्ज दहाच्या आसपास. म्हणजे कर्ज नको. आणि एफडी मोडली तर निवृत्तीला हातात पाच लाख. तेही नको! जागा स्वच्छ निघाली तरी हा गाळा तुमच्या ऐपतीचा नाही. सुनेला स्वयंपाकघर भाड्याच्या जागेत सुरू करू द्या. युलिपला सरळ नाही म्हणा. तो कर्जाची अट नाही, विकणाऱ्याचं टार्गेट आहे.

टोकन परत मागा. पावतीवर तपासणीची अट नाही, त्यामुळे विक्रेता कदाचित देणार नाही. गेले तर दोन लाख जाऊ द्या. ते वाचवायला 78 लाख आणखी ओतू नका. सूनबाईंनी जागा बघताना बोअरचं पाणी भरून आणलं असेल, तर ते आजच ओतून टाका.