रजिस्टरला ओटी पॉझिटिव्ह, तरी नमुना अयोग्य कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोळ तालुक्यातलं पंचगंगाकाठचं गाव, जॅकवेलवरून (नदीकाठच्या उपसा विहिरीवरून) थेट 50 हजार लिटरच्या उंच टाकीत पाणी, फिल्टर नाही. रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडते, ओटीचं (ऑर्थोटोलिडिन टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायच्या चाचणीचं) रजिस्टर भरलेलं असतं. तरी प्रयोगशाळेतून 'पिण्यास अयोग्य' आलं आणि पंचायतीला पिवळं कार्ड, म्हणजे पाण्याला मध्यम धोका असल्याचा शेरा, मिळालं.

आधी अहवालावर नमुना कुठला घेतला ते बघा. जॅकवेलचा कच्चा नमुना असेल तर तो अयोग्यच येणार, त्यावरून वॉलमनला धारेवर धरू नका. नळाचा असेल तर मात्र पुढचं वाचा. ओटी टाकीखालच्या पहिल्या नळाला घेतली असेल, तर ते रजिस्टर तुम्हाला काहीच सांगत नाही. वस्तीच्या शेवटच्या नळाला क्लोरीन उरला पाहिजे.

सगळ्यात आधी पावडर. नव्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि उघडं तोंड यांनी तो झपाट्याने उतरतो. वर्षाची खरेदी एकदम करून पोती पंपघरात रचली, तर पावसाळ्यानंतर हातात जवळपास चुनाच राहतो. शिवाय पावडरीतून निघणाऱ्या क्लोरीनच्या वाफेने पंपाचा स्टार्टर आणि पॅनेल गंजतात ते वेगळंच. तीन महिन्यांपुरतीच पावडर घ्या, फळीवर कोरड्या अंधाऱ्या खोलीत ठेवा, पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक घट्ट बांधा. पावडरीचा नमुनाही प्रयोगशाळेत तपासून मिळतो. 20 टक्क्यांच्या खाली आली तर ती पाण्यासाठी वापरू नका, गटारीला टाका.

आता मात्रा. "हजार लिटरला 5 ग्रॅम" हा हिशेब सगळीकडे चालतो, पण पाणी किती क्लोरीन खातं ते रोज सारखं नसतं. एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात, पाणी तुंबतं, त्यात साखर कारखान्याची मळी आणि सांडपाणी मिसळतं. पहिल्या पावसात बरगे निघाले की हीच घाण खाली येते आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मरतात. अशा पाण्यात 5 ग्रॅम कुठे गेले ते कळतही नाही.

म्हणून बादली चाचणी करा. तुमच्याच पोत्यातली 30 ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवा, गाळ बसू द्या. चार स्वच्छ बादल्यांत प्रत्येकी 10 लिटर कच्चं पाणी घ्या. सिरिंजने निवळ द्रावण अनुक्रमे 1, 2, 3 आणि 4 मिली घालून ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. मग ओटी घ्या. ज्या सगळ्यात कमी मात्रेला 0.5 (मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन) दिसेल ती तुमची मात्रा. 1 मिली म्हणजे हजार लिटरला 3 ग्रॅम पावडर. 3 मिलीला आलं तर 9 ग्रॅम, म्हणजे 50 हजारांच्या टाकीला 450 ग्रॅम. द्रावण तुमच्याच पावडरीचं असल्यामुळे तिची ताकद कमी असली तरी हिशेब चुकत नाही. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, आणि पाण्याचा रंग-वास बदलला की लगेच करा.

0.5 का? आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर 0.5. इचलकरंजीतली 2012 ची काविळीची साथ अजून अनेकांच्या लक्षात असेल. टाकीत 0.5 आणि शेवटच्या नळाला किमान 0.2 धरून चाला. साथ असेल तर तिथेही 0.5.

ओटीचा रंग पहिल्या 10 सेकंदांत वाचा. तेवढ्यात आलेला पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. नंतर हळूहळू येतो तो अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन, आणि सांडपाणी मिसळलेल्या नदीत तोच जास्त सापडतो. जंतू मारण्यात तो फार मंद. नळी हातात धरून गप्पा मारल्या तर सगळंच पॉझिटिव्ह दिसणार! पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तरी खोटा पिवळा येतो. बाटलीवरची मुदतही बघा, आणि तपासलेलं पाणी पुन्हा भांड्यात ओतू नका, ते रसायन विषारी आहे.

पावडर पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या आणि वरचंच पाणी टाका. खालचा चुना व्हॉल्व्हमध्ये बसतो. टाकी भरायला लागली की टाका, भरल्यावर वरून ओतलं तर नीट मिसळत नाही. त्यानंतर अर्धा तास पाणी सोडायचं नाही.

एवढं करूनही शेवटच्या नळाला शून्य येत असेल तर दोष लाईनमध्ये आहे. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि कुणी मोटर लावून ओढलं की गळतीच्या जागेतून गटारीचं पाणी आत येतं. गटारीतून गेलेली कनेक्शनं आणि पाण्यात बुडालेले व्हॉल्व्ह चेंबर आधी हाताळा.

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर फक्त टीसीएल वाढवू नका. मातीच्या कणाआड जंतू टिकतात. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी घ्या, मग क्लोरीन. एकाच टाकीत ते जमणार नसेल तर दवंडी देऊन पाणी उकळून प्यायला सांगा.

नमुना देताना प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरा, ती विसळू नका. आतलं रसायन क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी असतं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटली काठोकाठ भरू नका, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा.

पिवळं कार्ड मात्र या एका नमुन्यावर मिळत नाही. स्वच्छता सर्वेक्षणात गळती, स्रोताभोवतीची घाण, टीसीएलचा साठा हे सगळं बघतात. त्या फॉर्मची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून घ्या, गुण कुठे गेले ते त्यात लिहिलेलं असतं.