जपानी ठसाचित्रांची स्टेशनरी: हातछपाई कशी ओळखायची आणि नेमकं काय घ्यायचं?

बहीण टोकियोला निघाली आहे, तिच्याकडून जपानी ठसाचित्रांचे पत्रकागद आणि पाकिटं मागवायची आहेत, पण हातछपाई कोणती आणि यंत्रावरची कोणती हे कळत नाही, असं तुम्ही विचारलंय.

कागद उलटा करून बघायला सांगा. हातछपाईत लाकडी ठशावर पाण्यात कालवलेला रंग लावतात, वर ओलसर कागद ठेवतात आणि 'बारेन' नावाच्या गोल चकतीने पाठीमागून घासतात. त्यामुळे रंग तंतूंमध्ये मुरतो, बहुतेकदा मागच्या बाजूलाही जाणवतो. यंत्रावरच्या ऑफसेट छपाईची शाई वरच बसते आणि भिंगाखाली तिचे ठिपके दिसतात. ठशाचा रंग मात्र सलग असतो; कधी कधी त्यात लाकडाच्या रेषाही उमटतात. प्रत्येक रंगाला सहसा वेगळा ठसा लागतो, म्हणून किंमत जास्त असते आणि ती रास्तच आहे.

आता काय घ्यायचं. जपानी चित्रकार होकुसाईचं लाटेचं प्रसिद्ध ठसाचित्र, म्हणजे 'होकुसाईची लाट', फाइल, वही, चिकटपट्टी, सगळीकडे मिळते. २०२४ पासून ती हजार येनच्या नोटेच्या मागेही आहे. माझं त्या चित्रावर मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच ती पाकिटावर घेऊ नका असं सांगतो. मूळ चित्र साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटरचं. ते आक्रसलं की होड्यांना बिलगून बसलेले नावाडी नाहीसे होतात, आणि चित्राचा जीव तर त्यांच्यातच आहे.

त्यापेक्षा जे मुळातच वापरायच्या कागदासाठी काढलं गेलं ते घ्या. चियोगामी म्हणजे नक्षीचा छापील कागद. त्यावरची आसानोहा ही हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीतल्या झाडाच्या पानाची नक्षी किंवा सेइगाइहा या लाटा लहान तुकड्यातही पूर्ण दिसतात. पोचीबुकुरो ही आपल्या आहेराच्या पाकिटासारखी, पण त्याहून चिमुकली पाकिटं. ताकेहिसा युमेजी या चित्रकाराने तर १९१४ मध्ये टोकियोत स्वतःचं दुकान काढून ठशांनी छापलेले पत्रकागद आणि पाकिटं विकली. त्याची चित्रं आजही स्टेशनरीवर येतात.

टोकियोत यानाकातलं इसेतात्सु चियोगामीसाठी, निहोनबाशीतलं १८०६ पासूनचं हाइबारा कागदासाठी. क्योटोला जाणं झालं तर उन्सोदो हे ठसाचित्रांचं दुकान नक्की. या दुकानांतही यंत्रावर छापलेला माल असतो, तेव्हा विचारूनच घ्यावं.

आणि आणलंत की लिहा त्यावर, कपाटात ठेवू नका. हातकागदावर फाउंटन पेनची शाई फुटते. ब्रश पेन किंवा मऊ पेन्सिल वापरा.